दोन कौल

आमच्या गावच्या देवळात कौल लावतात तेव्हा गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली की देवीचा होकार, डावी पडली की नकार. लहानपणी मी आजोबांच्या मांडीला टेकून हे बघत बसायचे, आणि सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागायचा तो दोन्ही पाकळ्या एकदम खाली आल्या की. सभामंडपात कुणी म्हणजे कुणी बोलायचं नाही. गुरव हात जोडायचा, म्हणायचा, "आईन दोनय अंगांचा सांगल्यान, आता परत इचारूक व्हया," आणि पाकळ्या पुन्हा लावायचा.

2022 च्या डिसेंबरात आमच्या गावाने असाच कौल दिला, फक्त तो परत लावता येत नव्हता.

माझी आते थेट सरपंच म्हणून निवडून आली. 30 वर्षं अंगणवाडीत काढलेली बाई, अर्धं गाव तिच्या हातची खिचडी खाऊन मोठं झालंय, त्यामुळे तिला मतं पडणार हे सगळ्यांना माहीतच होतं. पण त्याच दिवशी, त्याच शाळेच्या खोलीत, त्याच लोकांनी वॉर्डातले सदस्य निवडताना समोरच्या पॅनलला 9 पैकी 6 जागा दिल्या. म्हणजे सरपंच आमची, बहुमत त्यांचं, आणि उपसरपंच अर्थात त्यांचा. गुलाल दोन्हीकडे उडाला, फटाके दोन्हीकडे वाजले, आणि दोघांनाही वाटलं की गाव आपल्या बाजूने आहे. दोघांचंही खरं होतं, तिथेच सगळी गोम आहे.

मी कुडाळच्या बाजूला ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. अर्ध-अध्यक्षीय पद्धत हा आमच्याकडे घाईत उरकायचा विषय. फ्रान्सचं नाव लिहायचं, राष्ट्राध्यक्ष जनता निवडते, पंतप्रधान संसदेला जबाबदार असतो, झालं, पुढचा प्रश्न. मी स्वतः एमएला यावर मोठ्ठ्या नोट्स काढल्या होत्या, मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने 1970 च्या दशकात हे नाव कसं रूढ केलं, लोकांनी थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष, त्याच्या हातात खरोखरचे अधिकार आणि त्याच्या समोर संसदेच्या विश्वासावर जगणारा पंतप्रधान, अशी तीन लक्षणं वगैरे. पाठ होतं सगळं. पण ते अंगाला कधी लागलं नव्हतं, ते लागलं 2023 च्या मे महिन्यात, आमच्या नळपाणी योजनेचा पंप जळला तेव्हा.

खाडीकाठच्या आमच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. तांदूळ त्या पाण्यात शिजवला की भात पिवळट होतो आणि चहा तर फाटतोच. त्यामुळे वरच्या विहिरीवरून येणारं नळाचं पाणी हाच आधार, आणि तोच बंद. पंप दुरुस्त करायचा म्हणजे पैसे खर्च करायचे, पैसे खर्च करायचे म्हणजे मासिक सभेत ठराव हवा. पहिल्या सभेला समोरचे सहाही जण आलेच नाहीत, कोरम नाही म्हणून सभा तहकूब. दुसऱ्या सभेला आले आणि म्हणाले की आधी नव्या विहिरीची जागा ठरवा, ती आमच्या वाडीत द्या, मग पंपाचं बघू. आते म्हणाली जागेचा विषय वेगळा, लोक तहानलेले आहेत. ठराव मताला टाकला तर 6 विरुद्ध 4 ने पडला.

त्या रात्री आते खळ्यात बसली होती. तिने पानाच्या डब्यातून तो डोंगल काढला, डिजिटल सहीचा, चुन्याच्या डबीला लागून ठेवलेला असतो नेहमी, आणि माझ्या तळहातावर ठेवला. एवढासा, चंदेरी, एका बाजूला चुना लागलेला. सरपंच आणि ग्रामसेवक दोघांचे डोंगल लागल्याशिवाय पैसे हलत नाहीत. ती म्हणाली, "ह्यो माझ्याकडे असा, ठराव त्यांच्याकडे असा. माका लोकांनी निवडून दिल्यानी, त्यांका पण लोकांनीच दिल्यानी. मगे चुकला कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एक गोष्ट होती, ती मी तिला सांगितली.

1986 साली फ्रान्समध्ये हेच झालं होतं. राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मित्राँ समाजवादी, 1981 ला निवडून आलेले, 7 वर्षांची मुदत. मधेच संसदेची निवडणूक झाली आणि उजव्या पक्षांना बहुमत मिळालं. मित्राँना त्यांच्यातलेच जाक शिराक पंतप्रधान नेमावे लागले, कारण दुसरा कुणी नेमला असता तर संसदेने दुसऱ्या दिवशी पाडला असता. फ्रेंच लोकांनी या प्रकाराला जे नाव दिलं त्याचा सरळ अर्थ एका घरात राहणं, कोहॅबिटेशन. शिराकना सरकारी कंपन्या विकायच्या होत्या आणि तेही वटहुकूम काढून, झटपट. तर 14 जुलैला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय दिवशी, मित्राँनी टीव्हीवर सांगून टाकलं की मी सही करणार नाही.

"सही नाय केल्यान?" आते सरसावून बसली. "मगे त्या दुसऱ्यान काय केल्यान?"

दुसरा संसदेत गेला, आते. बहुमत होतंच त्याच्याकडे, त्याने तोच विषय साधा कायदा म्हणून पास करून घेतला, आणि संसदेने केलेल्या कायद्याला मित्राँनी अडवलं नाही. म्हणजे सही अडवणाऱ्याने आपली नाराजी सगळ्या देशाला दाखवली आणि बहुमतवाल्याने आपलं काम लांबच्या रस्त्याने का होईना पण केलं. पुढे 1988 ला दोघे राष्ट्राध्यक्षपदासाठी एकमेकांसमोर उभे राहिले. टीव्हीवरच्या वादात शिराक म्हणाले की आज रात्री तुम्ही राष्ट्राध्यक्ष नाही आणि मी पंतप्रधान नाही, आपण दोघे सारखे उमेदवार. मित्राँ शांतपणे म्हणाले, तुमचं अगदी बरोबर आहे, पंतप्रधान महोदय. आते हे ऐकून बराच वेळ हसत होती, त्या मे महिन्यात पहिल्यांदाच.

फ्रान्सची ही व्यवस्था काही शांतपणे बसून आखलेली नव्हती, हे मला मुलांना नेहमी सांगावंसं वाटतं. 1958 ची राज्यघटना अल्जीरिया या फ्रेंच वसाहतीच्या पेटलेल्या प्रश्नातून आली. त्याआधी सरकारं दर काही महिन्यांनी पडायची. तेव्हा सत्तेवर आलेल्या जनरल द गॉल यांनी राष्ट्राध्यक्ष बळकट केला, पण तो तेव्हा थेट जनता निवडत नव्हती, साधारण 80,000 लोकप्रतिनिधींचा मतदारसंघ निवडायचा. 1962 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला, ते वाचले, आणि त्यांनी ठरवलं की पुढचा राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा. संसद भडकली, पंतप्रधान पाँपिदूंचं सरकार अविश्वास ठरावाने पाडलं. द गॉलनी संसदच बरखास्त केली, आणि ऑक्टोबरात जनमत घेऊन थेट निवडणूक पास करून घेतली. तर त्या वर्षानंतर फ्रान्समध्ये अविश्वास ठरावाने सरकार पडलं ते थेट 2024 च्या डिसेंबरात, पंतप्रधान मिशेल बार्निए यांचं. 62 वर्षं मधे गेली. आणि तेव्हा तर कोहॅबिटेशनसुद्धा नव्हतं, संसदेत कुणाचंच बहुमत नव्हतं, तीन तुकडे झालेले. एका घरात दोघे राहण्याचं तंत्र फ्रेंचांनी तीनदा शिकून घेतलं होतं, 1986, 1993 आणि 1997 ला, पण एका घरात तिघे आणि कर्ता कुणीच नाही, हे त्यांनाही जमेना.

कोहॅबिटेशन तीनदा झाल्यावर त्यांनी उपाय काय केला? 2000 साली जनमत घेऊन राष्ट्राध्यक्षाची मुदत 7 वरून 5 वर्षं केली, म्हणजे संसदेएवढीच, आणि दोन्ही निवडणुका लागोपाठ घ्यायच्या. लोकांचा मूड एकच असेल, कौल एकच येईल अशी कल्पना. मला हे कधीच पटलं नाही. आमच्या गावात तर दोन्ही मतं एकाच दिवशी, एकाच खोलीत दिली गेली होती, तरी दोन कौल आलेच की. लोकांना बाई प्रामाणिक हवी होती आणि वॉर्डात आपल्या वाडीचा माणूस हवा होता. यात मूर्खपणा कुठेय? माणूस दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं देऊ शकतो.

महाराष्ट्राने तर हा घोळ स्वतःशीच घातलाय. 2017 ला कायदा बदलून सरपंच थेट जनतेतून, 2020 ला सरकार बदललं तर परत सदस्यांतून, 2022 ला सरकार बदललं तर परत थेट. पाच वर्षांत तीनदा, आणि दर वेळी बदल मुंबईत ठरला, गावाला कुणी विचारलं नाही याचा मला मनापासून राग आहे. सरपंच कसा निवडायचा हा नुसता निवडणुकीचा नियम नाहीये, त्याने गावातला प्रत्येक नळ, प्रत्येक पाखाडी कुणाच्या हातात जाणार ते ठरतं.

या सगळ्यात मला कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोण कुणाला काढू शकतो ते बघायचं. बाकी कलमं नंतर. आतेला काढायचं तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेची गुप्त मतदानाने मंजुरी, आणि पहिली दोन वर्षं तर ठराव आणताच येत नाही. आणि आते त्या सहांना अजिबात काढू शकत नाही. म्हणजे दोघेही पक्के. अभ्यासकांनी पण जगातल्या या पद्धतींचे दोन मोठे प्रकार याच खुणेवर पाडलेत. एक, जिथे पंतप्रधान फक्त संसदेला जबाबदार, राष्ट्राध्यक्ष त्याला मनात आलं म्हणून घरी पाठवू शकत नाही. फ्रान्स कागदावर असा, आजचा पोलंड, पोर्तुगाल साधारण असेच. दुसरा प्रकार, जिथे पंतप्रधानाला दोन धनी, संसदही काढणार आणि राष्ट्राध्यक्षही. 1993 नंतरचा रशिया असा. आणि सगळ्यात घाबरवणारं उदाहरण म्हणजे वायमार जर्मनी, म्हणजे हिटलरच्या आधीचा.

1919 ची ती घटना कागदावर फार सुंदर होती. थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष, निवडलेली संसद, मधे चॅन्सेलर, म्हणजे त्यांचा पंतप्रधान. पण राष्ट्राध्यक्ष चॅन्सेलर नेमणार, काढणार, संसद बरखास्त करणार, आणि कलम 48 खाली संकटकाळी अध्यादेश काढणार. संसदेला ते अध्यादेश रद्द करायचा हक्क होता. 1930 च्या जुलैत संसदेने तो वापरला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गनी संसदच बरखास्त करून टाकली. सप्टेंबरात निवडणूक झाली आणि नाझींच्या जागा 12 वरून 107 वर गेल्या. त्यानंतर अडीच वर्षं चॅन्सेलर यायचे-जायचे ते संसदेच्या नाही, एका म्हाताऱ्या माणसाच्या मर्जीवर, आणि 30 जानेवारी 1933 ला त्याच मर्जीने हिटलर आला. हे शिकवताना दरवर्षी माझा आवाज बदलतो, मुलांनाही कळतं ते.

आफ्रिकेतल्या नायजरमध्ये तर 1995 ला राष्ट्राध्यक्ष एका बाजूचा, संसद दुसऱ्या बाजूची, वर्षभर दोघांचं पटेना, कारभार ठप्प, आणि 1996 च्या जानेवारीत लष्कराने दोघांनाही बाजूला सारलं. दोघे भांडत राहिले की तिसरा येतो, आणि तो मतं मागत नाही.

आपल्या शेजारी श्रीलंकेतलं तर आपण डोळ्यांनी बघितलंय. 26 ऑक्टोबर 2018 ला राष्ट्राध्यक्ष सिरिसेनांनी पंतप्रधान विक्रमसिंघेंना काढलं आणि महिंदा राजपक्षेंना नेमलं. विक्रमसिंघे सरकारी निवासस्थान सोडेनात. एका देशात दोन पंतप्रधान. संसदेत खुर्च्या फेकल्या, तिखटाची पूड उडवली, तेही कॅमेऱ्यासमोर. सिरिसेनांनी संसद बरखास्त केली तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 13 डिसेंबरला 7 न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की ही बरखास्ती घटनाबाह्य आहे. तीन दिवसांनी विक्रमसिंघेंनी परत शपथ घेतली. गंमत बघा, 2015 च्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाचा हाच अधिकार काढून घेतला होता, आणि ती दुरुस्ती आणली होती सिरिसेना आणि विक्रमसिंघे यांच्याच सरकारने, एका घरात असताना. लिहून ठेवलेलं कामाला आलं. लिहिलंच नसतं तर कोर्टाने कशावर बोट ठेवलं असतं?

पोर्तुगालची गोष्ट मात्र मी जरा प्रेमाने सांगते, कारण ती आपल्या किनाऱ्याची पण आहे. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत अजून घरात पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, आणि गोवा तर आम्हाला बाजारहाटाला जवळ. त्या पोर्तुगालात 1974 ला हुकूमशाही संपली, 1976 ला अर्ध-अध्यक्षीय घटना आली. 1982 ला दुरुस्ती करून राष्ट्राध्यक्षाला आवर घातला, की लोकशाही संस्थांचं कामच अडलं असेल तरच सरकारला काढायचं, एरवी नाही. 2015 ला तिथे पंतप्रधान झाले अंतोनियो कोस्ता, मूळ मडगावच्या घराण्यातले, घरात त्यांना बाबुश म्हणायचे. त्यांचा पक्ष निवडणुकीत दुसरा आला होता. राष्ट्राध्यक्ष काव्हाको सिल्वा विरुद्ध विचारांचे, त्यांनी आधी पहिल्या आलेल्यांनाच सरकार बनवायला दिलं. संसदेने ते नोव्हेंबरात पाडलं. मग काव्हाको सिल्वांनी नाखुशीने का होईना, बाबुशना बोलावलं. पुढे दुसऱ्या पक्षातून आलेले राष्ट्राध्यक्ष मार्सेलो आणि कोस्ता कितीतरी वर्षं नीट चालले. मला यात आवडतं ते "नाखुशीने का होईना" एवढंच. मनातून पटलेलं नसताना नियम पाळणारा माणूस.

आते म्हणाली, "बाबुश म्हणजे आपलो बाबूच मगे."

आणि पोलंडची गोष्ट तर तिने पुढे अख्ख्या वाडीला सांगितली. 2008 च्या ऑक्टोबरात ब्रसेल्सला युरोपियन युनियनची बैठक, पंतप्रधान टुस्क म्हणाले शिष्टमंडळ मी नेणार, राष्ट्राध्यक्ष काचिन्स्की म्हणाले मी पण येणार. सरकारने राष्ट्राध्यक्षांना सरकारी विमानच दिलं नाही. ते भाड्याचं विमान करून गेले. नंतर घटना न्यायालयाला निकाल द्यावा लागला की परदेशात देशाची भूमिका सरकार ठरवणार आणि मांडणार, राष्ट्राध्यक्ष जाऊ शकतात पण सरकारशी सहकार्य करून. फिनलंडने हेच दुखणं आधी ओळखून 2000 च्या नव्या घटनेत लिहून ठेवलं, युरोपियन युनियनचे विषय सरकारचे, बाकी परराष्ट्र धोरण राष्ट्राध्यक्षाने सरकारच्या सहकार्याने चालवायचं. तरी युनियनच्या बैठकीला राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोघेही गेले की जेवणाच्या टेबलावर देशाची ताटं किती, एक की दोन, यावरून वाद झालेच. पण तो वाद ताटापुरता राहिला.

आपल्याकडे घटना समितीत हा विचार झाला होता. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावाशी ज्यांचं मूळ जोडलंय त्या डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात स्थैर्य आणि जबाबदारी असा फरक केला, दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत सापडलेली नाही, आणि आम्ही जबाबदारीला जास्त वजन दिलंय, असं सांगितलं. संसदीय पद्धतीत हिशोब रोज द्यावा लागतो, प्रश्न, ठराव, अविश्वास, यांतून. देशासाठी त्यांनी केलेली निवड मला बरोबर वाटते. पण गावात आपण दुसरीच पद्धत आणली आणि तिच्यासोबत लागणारी सवय मात्र आणली नाही.

तर पंप. मी सांगितलेल्या गोष्टींमुळे काही झालं असं मी म्हणणार नाही, आते तिच्या मनानेच उठली. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन उन्हात, ती समोरच्या पॅनलच्या म्होरक्यांकडे गेली, आम्ही त्यांना काका म्हणतो, लहानपणी आमच्याच अंगणात खेळलेले. मी सोबत होते. काकी विहिरीवरून दोन कळशा घेऊन आली, पदराने घाम पुसत, आणि आतेला विचारलं पाणी घेतंस काय, आणि दिलं. मचूळ. आतेने अख्खा तांब्या प्यायला, काकांकडे बघत. काका खाली बघत होते.

पुढच्या सभेत प्रोसिडिंगला दोन ओळी लिहिल्या गेल्या. पाण्याची दुरुस्ती तातडीची असेल तर सरपंचाने मांडायची आणि इतर कुठल्याही विषयाला न जोडता सगळ्यांनी पास करायची. नवीन कामाची जागा सदस्यांच्या संमतीशिवाय सरपंचाने ठरवायची नाही. ग्रामसेवकांनी वाचून दाखवलं, दहा सह्या झाल्या. हे कायद्यात नाही, कोर्टात टिकणारही नाही, पण अजून कुणी मोडलेलं नाही. तीन दिवसांनी पंप चालू झाला, पहिलं पाणी गंजाचं आलं, मग स्वच्छ.

नव्या विहिरीच्या जागेचा विषय अजून अजेंड्यावर आहे. आते दर महिन्याला तो मोठ्याने वाचते, चर्चा होते, तहकूब होतो. मागच्या सभेत काका म्हणाले, चला, एकदा दोन्ही जागा चालत बघून येऊया सगळ्यांनी. दहाच्या दहा जण निघाले, ग्रामसेवक वही घेऊन मागे, आणि आते छत्री उघडून पुढे.